पोरीला खिडकी

रविवारी सकाळी अण्णांचा फोन आला तेव्हा मी टेनिसच्या नवव्या पुस्तकावर नंबर चिकटवत होते. काठमांडूला लागून असलेल्या ललितपुरातल्या त्या शाळेला टेनिसचं मैदान नव्हतं, मैदानच नव्हतं. पण भूकंपानंतर जगभरातल्या दयाळू लोकांनी घरातली नको असलेली पुस्तकं खोक्यांत भरून पाठवली होती आणि दहा वर्षं ती खोकी एका खोलीत तशीच पडून होती. वजन कमी करण्याची बावीस, टेनिसची नऊ, गुलाबांच्या छाटणीचं एक, तेही जर्मनमध्ये. या ढिगाचं वाचनालय करायला मी खोपोलीच्या कॉलेजातून वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन गेले होते. कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. नेपाळात मला व्हॉलंटियर म्हणत. अण्णा घरात ‘फुकट राबायला परदेशी गेलेली’ म्हणत. बाहेर, म्हणजे सगळ्या कडाव गावात, त्यांनी ‘पोरगी युनोत हाय’ असं सांगून टाकलं होतं. नेमणुकीचं गाव ललितपूर आहे कळल्यावर तर त्यांनी गावाला हेही पटवलं होतं की तिथल्या लोकांनी माझं काम बघून गावाचं नाव बदललं.

“ऐकू येतंय का गं, ललिता?”

“ओरडू नका. येतंय.”

“ओरडत नाय. लांब हाय म्हणून जोरात बोलतोय.”

तीन दिवसांपूर्वी तिथल्या सरकारने फेसबुकपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळं बंद केलं होतं. अण्णांना याचा वैयक्तिक राग आला होता. रोज सकाळी साडेसहाला ते मला एक गुलाब, एक उगवता सूर्य आणि ‘सुप्रभात’ पाठवत. सहा महिन्यांत त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता. आता निलेशच्या मोबाईलच्या दुकानातून परदेशी कॉलचा रिचार्ज मारून ते साधा फोन करत होते.

“रोज पाठवतो, एकच टिक येते,” ते म्हणाले. “जे सरकार माणसाला सुप्रभात करू देत नाय ते टिकत नसतं. लिहून ठेव.”

“लिहिते.”

“आणि आज रविवार ना? कामावर कशाला?”

“इथे शनिवारी सुट्टी असते. सांगितलंय मी.”

“शनिवारी सुट्टी, घड्याळ पंधरा मिनटं पुढं. पंधरा मिनटांसाठी कशाला वेगळा देश करायचा?” मग आवाज खाली आणून, “आज रात्री चंद्राला गिराण हाय. भायेर पडू नको.”

“मी काही गरोदर नाही, अण्णा.”

“तेवढं आमचं नशीब कुठलं!”

मी हसले. तेही हसले. पस्तीस स्थळं नाकारून झाल्यावर बाप-लेकीत हा विषय असा विनोदापुरता उरला होता. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती, त्यामुळे त्यावर रडणारंही घरात कुणी नव्हतं.

“उद्या तिथं पोरांचा मोर्चा हाय म्हणे,” ते म्हणाले. “भ्या वाटतं का?”

“छे.”

“बघ.”

“नाही वाटत, अण्णा.”

“बरं.”

हा प्रश्न आमच्यात जुना होता. मी सहा वर्षांची असताना अण्णांनी मला आणि माझ्या चुलतभावाला, रोहिदासला, पोहायला शिकवायला घेतलं. पद्धत साधी होती. पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधायचा, मळ्यातल्या विहिरीच्या काठावर उभं करायचं आणि विचारायचं, ‘भ्या वाटतं का?’ रोहिदास रोज ‘हो’ म्हणायचा. मग अण्णा त्याला पाठीवर घेऊन पायऱ्यांनी हळूहळू पाण्यात उतरायचे, पाठीवरच फिरवायचे, पाठीवरच वर आणायचे आणि गूळ द्यायचे. मी ‘नाही’ म्हणायचे. मला ते ढकलून द्यायचे. आठव्या दिवशी त्यांनी माझा डबा सोडला, मी वर आले, आणि त्या संध्याकाळी ते अख्ख्या आळीला सांगत फिरले की आपल्या पोरीला भीती नावाची गोष्ट ठाऊक नाही. रोहिदासला आजही पोहता येत नाही. मला येतं. पण गूळ त्याने खाल्ला.

त्या रविवारी त्यांना आणखी बोलायचं होतं. भात निसवायला लागलंय, पोशाची म्हैस गाभण आहे, रोहिदास कुठल्या तरी जमिनीच्या एजंटाबरोबर फिरतोय. मी म्हटलं, पैसे जातायत, ठेवा आता. ते म्हणाले, ठेवतो, पण आधी तू ठेव. मी ठेवला.

सोमवारी मोर्चावर गोळीबार झाला. मेलेल्यांत बरीचशी विशीच्या आसपासची पोरं होती, आणि त्याबद्दल मला इथे काही हुशारीचं लिहायचं नाही. शाळा बंद झाली, संचारबंदी लागली. मी शाळेच्याच वरच्या मजल्यावर राहत होते. खाली स्वयंपाकघरामागे सानुमाया दिदी राहायची, ती शाळेची स्वयंपाकीण. मी अण्णांना साधा मेसेज टाकला : सगळं ठीक.

त्याच रात्री सरकारने बंदी मागे घेतली. मंगळवारी सकाळी फोन उघडला तर अण्णांचे सगळे तुंबलेले सुप्रभात एका दमात येऊन पडले. पाच गुलाब, पाच सूर्य. शेवटचा त्याच दिवशीचा होता, साडेसहाचा.

दहानंतर धूर दिसायला लागला. आधी लांब, नदीपलीकडे. मग आमच्याच गल्लीच्या तोंडाशी कुणा पुढाऱ्याचं घर पेटलं. माणसं धावत होती, कुणाकडून कुणाकडे ते वरून कळत नव्हतं. काहीतरी फुटल्याचा मोठा आवाज आला, गॅसचा सिलिंडर असावा, आणि वाचनालयाच्या खिडकीची काच खाली आली. मी आणि सानुमाया दिदी मधल्या मोठ्या टेबलाखाली जाऊन बसलो. तिने येताना लसणाची परडी आणली होती. ती लसूण सोलत बसली.

“तुम्हाला काहीच वाटत नाही?” मी तिला विचारलं. आमचं हिंदीत चालायचं, दोघींचंही सारखंच वाईट.

“माझ्या डोळ्यांदेखत राजा गेला,” ती म्हणाली. “मग किती सरकारं आली नि गेली, मी मोजायचं सोडलं. लसूण रोज लागतो.”

मी आयुष्यात क्रांत्यांबद्दल बरंच वाचलेलं आहे. फ्रेंच, रशियन, आणखी दोन-तीन. कुठल्याही पुस्तकात असं लिहिलेलं नव्हतं की अशा वेळी माणसाचे गुडघे आपोआप वाजतात आणि ते थांबवायला त्यांच्यावर वजन कमी करण्याची चार पुस्तकं ठेवून बघावी लागतात. तीही उपयोगी पडली नाहीत.

पावणेअकराला अण्णांचा फोन आला. स्क्रीनवर त्यांचा फोटो, म्हशीबरोबरचा. मी उचलला नाही. पुन्हा आला. पुन्हा आला.

“उचल ना,” सानुमाया म्हणाली. “बाबा आहेत.”

“आवाज कापेल माझा.”

“मग कापू दे. बापाला आवाज ऐकायचा असतो. भाषण कुठे ऐकायचं असतं?”

सात वेळा आला. सातही वेळा मी त्या म्हशीकडे बघत राहिले. सातव्यानंतर मी टाइप केलं : मीटिंगमध्ये आहे. सगळं ठीक. नंतर करते. लगेच दोन निळ्या टिका उमटल्या. मग फोन आला नाही. मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवते.

दुपारी सरकार पडलं. अण्णांचं भाकीत दोन दिवसांत खरं ठरलं, आणि संध्याकाळी त्यांना फोन करून हे सांगायचं असं मी ठरवत होते, तेवढ्यात रोहिदासचा फोन आला.

“ललिता, बस जरा.”

“बसलेलीच आहे. सकाळपासून.”

“अण्णा गेले.”

“कुठे?” मी विचारलं. खरंच विचारलं.

“कर्जत स्टेशनला,” रोहिदास म्हणाला, आणि मग त्याला रडू फुटलं. “बाकावर बसल्या बसल्या. एकच्या सुमाराला. डॉक्टर म्हणाले, अॅटॅक. त्रास नाय झाला.”

मला वाटलं, रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले असतील. महिन्यातून एकदा जायचे.

विमानतळ बंद होता. रस्त्यावर लष्कर होतं. मी म्हटलं, माझ्यासाठी थांबू नका, उरका. दुसऱ्या दिवशी सकाळी निलेशने व्हिडिओ कॉल लावला. बंदी उठल्याचा मला झालेला हा एकमेव फायदा : बापाचं सरण मला दिसलं. म्हणजे अर्धं सरण आणि अर्धा निलेशचा अंगठा. मध्येच त्याला कुणाचा तरी रिचार्जसाठी फोन आला आणि चित्र थांबलं, रोहिदासच्या हातात मडकं, खांदा वळलेला. ते तसंच थिजलेलं बराच वेळ माझ्यासमोर राहिलं. सानुमायाने मागून माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला लसणाचा वास होता.

शुक्रवारी मी कडावला पोचले. दारात सोनाबाई आत्या, अण्णांची थोरली बहीण. तिने गळ्यात पडून मोठा हंबरडा फोडला, तो जितका फोडायचा तितका फोडून झाल्यावर डोळे पुसले आणि विचारलं, “इमानात जेवायला देतात का गं?”

“देतात.”

“काय देतात?”

“काहीतरी पिवळं.”

ओटीवर माणसं बसली होती. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं आजवर कडावात कुणी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. पोलीस पाटलांनी खाकरून विचारलं, “मग? सरकार पाडूनच आलात म्हनायचं?”

“मी पुस्तकांवर नंबर लावत होते, पाटील.”

“असंल, असंल,” ते बाकीच्यांकडे डोळा मारत म्हणाले. “युनोवाल्यांना सांगता येत नसतं.”

रात्रीची माणसं पांगल्यावर रोहिदासने कपाटातून एक रेक्झिनची पिशवी काढली. अण्णांची, लग्नाकार्याला न्यायची. स्टेशनवर त्यांच्याजवळ होती, म्हणाला, मी तशीच ठेवलीय.

मी एकेक वस्तू बाहेर काढली. धोतर नाही, पँट. म्हणजे प्रवास मोठा होता. चार तांदळाच्या भाकऱ्या, फडक्यात, आता बुरसटलेल्या. सुकटीच्या चटणीची बरणी. बॅटरी. आधार कार्ड. घरच्या जमिनीचा सातबारा, ताजा, तलाठ्याच्या शिक्क्यासह. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“नेपाळला चालले होते,” रोहिदास म्हणाला. “तुला आणायला.”

मी कोयता हातात धरून त्याच्याकडे वळले.

“मला तरी कुठं सांगितलं? मी कामावर होतो मोहोपाड्याला. मला तिकीट खिडकीवरल्या माणसानं सांगितलं सगळं. फार चांगला माणूस. अॅम्बुलन्सपर्यंत बरोबर आला.” त्याने कोयत्याकडे बोट केलं. “पोलिसांनी पिशवी परत देताना एवढंच विचारलं, म्हातारा शेतकरी होता का. मी म्हटलं हो. म्हणून कोयता दिला. नेपाळला चालला होता हे मी काय बोललो नाय.”

“आणि सातबारा?”

“तिकडं कोणी विचारलं, तू कोण, तर दाखवायला असंल.”

ते मला पटलं. पेटलेल्या राजधानीत, लष्कराच्या नाक्यावर, एक म्हातारा सातबारा पुढे करतो : हा मी, गट नंबर अमुक, पोटखराबा तमुक. एका हातात कोयता. याहून पक्की ओळख जगात कुणाकडे असेल?

पिशवीच्या आतल्या कप्प्यात रेल्वेच्या आरक्षणाचे दोन फॉर्म होते. पहिल्यावर ‘कर्जत ते नेपाळ’ लिहून खोडलं होतं. खिडकीवरचा माणूस म्हणाला असणार, काका, नेपाळला गाडी जात नाही, कल्याणवरून गोरखपूरपर्यंत जाते. तर अण्णांनी वर ‘कल्याण ते गोरखपूर’ लिहिलं होतं आणि रोहिदासला त्या माणसाने सांगितलेलं त्यांचं उत्तर होतं, ‘मग पुढचं मी बघतो.’ प्रवासी एक. पुरुष, वय त्र्याहत्तर.

दुसरा फॉर्म परतीचा. तो भरायला ते बाकावर जाऊन बसले होते. गोरखपूर ते कल्याण, प्रवासी दोन. पहिलं नाव माझं. स्त्री, वय बत्तीस.

मी एकेचाळीस वर्षांची आहे. पण मुलाकडच्यांना सांगून सांगून त्यांच्या हाताला बत्तीसची सवय झाली होती. रेल्वेलाही त्यांनी तेच सांगितलं.

पुढे ‘बर्थ पसंती’ असा रकाना होता. त्यात अण्णांनी लिहिलं होतं : पोरीला खिडकी. दुसऱ्या ओळीत स्वतःचं नाव लिहायला घेतलं होतं. ‘मालो’ एवढंच झालं होतं.

मला हसू आलं. मोठ्याने आलं आणि थांबेना. आतल्या खोलीतून सोनाबाई आत्या आली, माझ्याकडे पाहिलं आणि रोहिदासला म्हणाली, “धक्का बसलाय पोरीला. गूळ-पाणी दे.”

दहावा दिवस गुरुवारी होता. आमच्याकडे बायका दहाव्याला नदीवर जात नसत, पण युनोत असलेल्या बाईला अडवायचं कसं हे कुणाला सुचलं नाही. मी निघाल्यावर आत्या म्हणाली, ती जाते तर मी का नको, माझाच भाऊ हाय. मग आणखी चार बायका निघाल्या.

एका गोष्टीचा हिशेब कुणीच धरला नव्हता, गुरुजींनीही नाही : पितृपक्ष चालू होता. एरवी दहाव्याला पिंड मांडलं की कावळा पाच-दहा मिनिटांत येतो. पितृपक्षात मात्र सकाळी सातपासून प्रत्येक घराच्या पत्र्यावर वडे, खीर, भाजी. अख्ख्या कडावातले कावळे गेले दहा दिवस पंक्ती उठवत होते. त्यांच्यापुढे रोहिदासने भाताचा गोळा ठेवला, शेजारी सुकट, एक बिडी, चहा. समोरच्या उंबरावर सहा कावळे बसले होते. त्यांनी खाली पाहिलं, आणि लग्नात तिसऱ्यांदा जिलेबी वाढायला आलेल्याकडे माणूस जसं बघतो तसं बघून मान फिरवली.

पाऊण तास गेला.

“इच्छा राहिली असेल काही,” गुरुजी घड्याळ बघत म्हणाले. त्यांना अजून दोन घाट करायचे होते. “बोला कुणीतरी. शब्द द्या.”

रोहिदास पुढे झाला, हात जोडले. “अण्णा, कुंभिवलीचा हायवेचा तुकडा विकणार नाय. शब्द देतो.”

मागून कुणीतरी म्हणालं, “एजंटाला पन सांग मग.” दबकं हसू उठलं. रोहिदासचे कान लाल झाले. कावळे जागचे हलले नाहीत.

“तू थांब,” सोनाबाई आत्याने त्याला बाजूला सारलं आणि पदर खोचून उंबराकडे तोंड करून ओरडली, “मालोजी! पोरीचं लगीन लावू रं! यंदाच लावू! ये, खाऊन घे!”

सहाच्या सहा कावळे उडून गेले.

आता हसू दबकं राहिलं नाही. गुरुजीसुद्धा वळून खोकले. आत्या म्हणाली, “बघ, मेल्यावर पन त्याला खरं वाटत नाय.” मीही हसले. दहा दिवसांत पहिल्यांदा अण्णा तिथे असल्यासारखं वाटलं. ते असते तर त्यांनी हेच चवीने महिनाभर सांगितलं असतं.

दोन कावळे परत आले, आणखी लांबच्या फांदीवर बसले. गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढला. “दर्भाचा कावळा करून शिववू या. शास्त्रात सोय आहे.”

“थांबा की जरा, भटजीबाबा,” पोशा म्हणाला.

पोशा डोंगराखालच्या ठाकरवाडीतला. चाळीस वर्षं अण्णांच्या शेतात लावणी-कापणीला यायचा, आणि चाळीस वर्षं संध्याकाळी त्यांच्याच ओटीवर पत्ते खेळायचा. सकाळपासून तो सगळ्यांच्या मागे, पाण्याच्या कडेला उकिडवा बसला होता.

“कावळा भरलाय,” तो म्हणाला. “पाटलाच्या घरचे वडे खाताना मी सोता बघितला. त्याचा काय दोष नाय.” मग माझ्याकडे वळला. “बाय, तुला एक सांगायचा राहिलाय. घरात गर्दी होती, मंग म्हटला नंतर सांगू.”

“सांगा.”

“त्या दिशी मी तुमच्या ओटीवं होतो. मालोजी टीव्ही बघत होता, फोन लावत होता. लावतोय, लावतोय. मंग तुझी चिठ्ठी आली फोनात. त्यानं मला वाचून दावली. मिटिंगमदी हाय, समदं ठीक हाय.” पोशाने बिडीचं थोटूक पाण्यात टाकलं. “मी म्हटला, चला, बरा झाला. तर तो म्हणतो, पोशा, तुला काय कळत नाय. गाव पेटलाय न् हिला मिटिंग कसली? पोरगी घाबरली हाय.”

पोशा उठून उभा राहिला.

“म्हणतो, ती फोन उचलत नाय म्हंजे आवाज निघत नाय तिचा. जल्मात पयल्यांदा घाबरली. आता मला जायलाच पायजे. न् काय सांगू बाय, खुशीत होता गं तो. लगीनघरात असल्यासारखा. इस्त्रीचा शर्ट काढला, भाकरी बांधल्या, गाणं म्हणत होता. मला म्हणतो, चल तू पन, नेपाळ बघू. मी म्हटला, माझी म्हस गाभण हाय.” पोशाने डोळे पुसले, मग हसला. “टमटममदी बसताना म्हणाला, इतकी वर्सं इचारतोय, एकदा पन हो म्हणाली नाय. आता तिथं जाऊन समोरासमोर इचारतो.”

रोहिदास माझ्याकडे बघत होता. आत्याही. गुरुजींच्या हातात दर्भाचा कावळा अर्धा वळून झाला होता. चोच आली होती, शेपूट राहिली होती.

मला घाटावरची माणसं दिसत होती. पोलीस पाटील, निलेश, आळीतली सगळी. अण्णांनी पस्तीस वर्षं ज्यांना सांगितलं होतं की आपल्या पोरीला भीती ठाऊक नाही, ती हीच माणसं. मी पायातल्या चपला काढल्या आणि पिंडाच्या जवळ जाऊन उभी राहिले. काठ निसरडा होता. उंबरावरचे दोन्ही कावळे मान तिरकी करून बघत होते. भरल्या पोटी माणूस जरा शांतपणे ऐकून घेतो, तसे.

“अण्णा,” मी म्हटलं. आवाज कापला. कापू दिला.

“मीटिंग-बिटिंग काही नव्हती. मी टेबलाखाली बसले होते. गुडघे वाजत होते माझे. तुमचा फोन सात वेळा आला, सातही वेळा मी बघितला. विहिरीवर पण वाटायचं, अण्णा. रोज वाटायचं. डबा सोडलात त्या दिवशी तर सगळ्यात जास्त. मला रोहिदाससारखं पाठीवर बसून वर यायचं होतं, आणि गूळ पाहिजे होता.”

मागे कुणीतरी नाक ओढलं, बहुतेक रोहिदासनेच. मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा ‘सगळं ठीक’ म्हणाले असते.

“विचारताय ना? हो. भ्या वाटतं. लई भ्या वाटतं, अण्णा. मला न्यायला या. खिडकी तुम्ही घ्या.”